जे लांगाआइया बघायचा तर प्ले स्कूलमधेच बघा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. ऑस्ट्रेलियात राहत असाल, घरात दोन ते पाच वर्षांचं पोर असेल आणि स्क्रीन द्यायचीच आहे असं ठरलं असेल तर एबीसी या सरकारी चॅनलचं प्ले स्कूल लावा, आणि त्यातही जे लांगाआइया हा नट असलेले भाग शोधून लावा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे गेला ते खाली येईलच. एबीसीच्या आयव्ह्यू अ‍ॅपवर बघायला पैसे पडत नाहीत, मधे जाहिराती नाहीत, आणि भाग साधारण अर्ध्या तासात आटोपतो, तेवढ्यात आपला कुकर उतरतो, कपडे वाळत पडतात आणि कोणी "अजून एक" म्हणून गळा काढायच्या आत टीव्ही बंद करता येतो.

आता हा माणूस कोण. नाव कदाचित ओळखीचं वाटणार नाही पण तोंड बघितलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे. १९६३ मधे ऑकलंडला जन्मलेला, आई-वडील सामोअन, नंतर सिडनीत येऊन स्थिरावला. अंगाने भरभक्कम, आवाज खर्जातला, आणि हसला की सगळा चेहरा हसतो. ज्यांनी झीना ही योद्ध्या बाईची मालिका बघितलीय त्यांना आठवत असेल, १९९५ च्या अगदी पहिल्याच भागात ड्रॅको नावाचा क्रूर सरदार येतो, तो हाच. आणि ज्यांनी स्टार वॉर्स बघितलंय त्यांच्यासाठी, पद्मे अमिडालाचा तो एका डोळ्यावर पट्टी बांधलेला बॉडीगार्ड, कॅप्टन टायफो, तो पण हाच. मला हे दोन्ही कळलं ते प्ले स्कूल बघायला लागल्यावर, म्हणजे मी उलट्या क्रमाने गेले, आधी टेडीला झोपवणारा जे आणि मग तलवार घेऊन गावं जाळायला निघालेला जे. नवऱ्याला पट्टीवाला फोटो दाखवला तर तो म्हणे, हा आपल्या पोरीचा जे? शक्यच नाही.

प्ले स्कूल काय प्रकार आहे ते नवीन आलेल्यांसाठी पटकन. १८ जुलै १९६६ ला एबीसीवर सुरू झालं आणि अजून चालू आहे. मूळ कल्पना बीबीसीची, तिकडे १९६४ ला सुरू झालं आणि १९८८ ला बंदही पडलं, ऑस्ट्रेलियातलं मात्र टिकलं. दोन प्रेझेंटर असतात, बरोबर पियानो वाजवणारं कोणीतरी, बिग टेड, लिटल टेड, जेमायमा, हम्प्टी अशी खेळणी, आणि गोल, चौकोनी वगैरे खिडक्या ज्यातून आपण बाहेरच्या जगातली एखादी छोटी फिल्म बघतो, बेकरीत पाव कसे होतात टाइप. गोष्टीच्या आधी घड्याळ येतं. रिकामे डबे, पुठ्ठ्याच्या नळ्या, अंड्याचे ट्रे यातून काहीतरी बनवतात. बास. ना झगमगाट, ना दर दोन सेकंदाला बदलणारा शॉट. आजकालचं कार्टून बघून हे लावलं तर पहिली पाच मिनिटं आपल्यालाच वाटतं की काही घडतच नाहीये. पोरांना असं वाटत नाही, निदान आमच्या पोरीला तरी वाटलं नाही.

जे तिथे २००० पासून आहे. आणि त्याचं काम नीट बघितलं तर कळतं की हे वाटतं तितकं सोपं काम नाहीये. प्ले स्कूलच्या प्रेझेंटरला शिकवतात की कॅमेऱ्यामागे लाखभर मुलं आहेत असं समजायचंच नाही, एकच मूल समोर बसलंय आणि आपण त्याच्याशी बोलतोय. बरेचजण हे करतात, पण जे त्यात एक गोष्ट भारी करतो, तो थांबतो. खोका हातात घेतो, कानाशी नेऊन हलवतो, आत काय असेल गं असा प्रश्न टाकतो आणि मग खरंच गप्प बसतो. भुवया वर, मान थोडी कलती, डोळे कॅमेऱ्यात. दोन-तीन सेकंद असेल फक्त, पण टीव्हीवर ते खूप मोठं असतं. तेवढ्यात आमची चार वर्षांची पोर सोफ्यावरून ओरडते "बॉल!" आणि तो पलीकडे मान डोलावतो, हं, असेल असेल, आणि तिला वाटतं आपलं उत्तर पोचलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या, त्यांनी दोन भाग बघितले आणि म्हणाल्या, "अगं, हा ऐकल्यासारखं करतो की गं!" मी म्हटलं, आई, त्याचेच पैसे मिळतात त्याला. त्या म्हणाल्या, मग मिळू देत.

याउलट एका मोठ्या व्हिडिओ अ‍ॅपवर लहान मुलांचे जे व्हिडिओ ढिगाने पडलेत ते बघा. प्रश्न विचारतात आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर ओरडतात, वर टाळ्यांचा आवाज आणि फुगे. पोरगं नुसतं बघत बसतं, तोंड उघडं. आमच्याकडे हे अ‍ॅप काही दिवस चालू होतं आणि बंद केल्यावर जो तमाशा झाला तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. प्ले स्कूल बंद केल्यावर असं होत नाही, कारण भाग संपतो तो खरंच संपतो, प्रेझेंटर निरोप घेतात, पुढचं काय ते घरातल्या वस्तूंनी करायचं असतं.

खेळण्यांशी वागणं ही त्याची दुसरी खासियत. बिग टेडला उचलताना तो एका हाताने बखोटीला धरून उचलत नाही, बूड सांभाळून उचलतो, खाली ठेवताना पाय नीट करतो. मुलं हे बघतात बरं का. आमच्याकडे आता सगळ्या बाहुल्यांचे पाय नीट करून ठेवावे लागतात, त्याशिवाय दिवा बंद करता येत नाही. हे कुठून आलं असेल याचा विचार करताना मला एक गोष्ट जुळल्यासारखी वाटली. २००३ मधे सिडनीच्या कॅपिटल थिएटरला द लायन किंग हे म्युझिकल आलं तेव्हा मुफासा जेने केला होता. त्या नाटकात सिंहाचा मुखवटा नटाच्या चेहऱ्यावर नसतो, डोक्याच्या वर असतो, चेहरा उघडाच, आणि रागाच्या क्षणी मुखवटा पुढे खाली येतो. म्हणजे प्रेक्षकाला माणूस पण दिसतो आणि जनावर पण, आणि दोघांना जिवंत ठेवायचं काम नटाच्या मानेवर. ज्याने ते पेललं त्याला कापसाच्या अस्वलाबरोबर अर्धा तास सहज जमणार. मी ते नाटक बघितलेलं नाही, तेव्हा आम्ही या देशात नव्हतोच, पण त्याचं टेडीशी बोलणं बघून मला ते खरं वाटतं.

करिअरबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यातच माझा मुद्दा आहे. हा माणूस मुलांचा कलाकार म्हणून सुरू झालेला नाही. ड्रॅको हा गंभीर व्हिलन होता, पण पुढे त्याच मालिकेत त्याला झीनाची मैत्रीण गॅब्रिएल हिच्या प्रेमात पाडून पार विनोदी करून टाकला आणि जेने ते इतक्या मोकळेपणाने केलं की तिथेच कळायला हवं होतं हा पुढे काय करणार. एवढा आडदांड योद्धा एका पोरीपुढे विरघळतो आणि त्यात नटाला स्वतःची लाज वाटत नाहीये. मुलांसमोर काम करायला हीच गोष्ट लागते, लाज नसणं. मग वॉटर रॅट्स, १९९६ मधे नाइन नेटवर्कवर सुरू झालेली सिडनी हार्बरच्या वॉटर पोलिसांची मालिका, त्यात तो टॉमी टवीटा नावाचा पोलिस. हार्बरचा ब्रिज, बोटी, गोट आयलंड, आणि त्यात सामोअन नाव असलेला एक पोलिस जो गुन्हेगार नाही, ड्यूटीवर आहे. त्या काळच्या ऑस्ट्रेलियन टीव्हीवर हे रोज दिसणारं दृश्य नव्हतं.

स्टार वॉर्सबद्दल माझं मत थोडं वाईट आहे, चाहत्यांनी माफ करावं. २००२ आणि २००५, दोन सिनेमे, दोन्हीचं बरंचसं शूटिंग सिडनीच्या फॉक्स स्टुडिओजमधे. सुरुवातीला जहाज उतरतं, टायफो समाधानाने म्हणतो की काही धोका नव्हताच, आणि पुढच्या क्षणाला स्फोट. सीन छान आहे, लक्षात राहतो. पण त्यापुढे त्याला काय दिलंय? उभं राहायचं, काळजीत दिसायचं, मॅडमच्या मागे चालायचं. एवढा आवाज, एवढी अंगकाठी, आणि वापर भिंतीसारखा. जगभरातले लोक त्याच्याकडे सह्या मागत असतील त्या या भूमिकेसाठी, आणि मला वाटतं प्ले स्कूलच्या एका भागात तो यापेक्षा जास्त अभिनय करतो. हे मी मजेत म्हणत नाहीये. एका भागात तो आजोबा होतो, मग खेकडा, मग आगगाडी, मग परत जे, आणि मधे कट नाही.

मग होम अँड अवे, समर बे नावाच्या काल्पनिक गावातली मालिका. २०१० ते २०१२ तो त्यात रेव्हरंड इलायजा जॉन्सन होता, म्हणजे समर बेचा पाद्री. फेब्रुवारी २०१२ मधे त्याने ट्विटरवर उघड लिहिलं की त्याची ही नोकरी गेली कारण एकमेकांशी जोडी न लावता गोरी नसलेली दोन पात्रं लिहिणं मालिकावाल्यांना जमत नव्हतं. ही त्याची बाजू झाली, पण त्यावरून ऑस्ट्रेलियन टीव्हीवर गोऱ्यांशिवाय कोण दिसतं यावर मोठी चर्चा झाली आणि ती अजून संपलेली नाहीये. मला यातला विरोधाभास बघून गंमत पण वाटते आणि चीड पण येते. म्हणजे बघा, मोठ्यांच्या मालिकांमधे या माणसाची जागा कुठे ते ठरत नव्हतं आणि त्याच वर्षांत दुसऱ्या चॅनलवर तीन वर्षांची पोरं त्याच्याबरोबर नाचत होती, त्यांना त्याचा रंग, नाव, गाव यातलं काही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या पोरीने आजवर विचारलेला एकच प्रश्न म्हणजे जेच्या घरी बिग टेड झोपायला जातो का.

सामोआचा संदर्भ मी मुद्दाम वाचला, कारण इथे सिडनीच्या पश्चिमेला सामोअन कुटुंबं भरपूर आहेत, शाळेच्या गेटवर रोज भेटतात आणि आपल्याला त्यांच्याबद्दल रग्बीपलीकडे काही माहीत नसतं. सामोआ १ जानेवारी १९६२ ला न्यूझीलंडपासून स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे ऑकलंडच्या कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून बेटांवरून लोक आले, आणि सत्तरच्या दशकात मंदी आल्यावर त्याच लोकांच्या घरांवर पहाटे व्हिसा तपासायला पोलिस जायला लागले, डॉन रेड्स म्हणतात त्याला. न्यूझीलंड सरकारने त्याची अधिकृत माफी मागितली ती थेट ऑगस्ट २०२१ मधे. जे त्या काळात ऑकलंडमधे लहानाचा मोठा होत होता. त्याच्या घरी काय झालं काय नाही ते मला माहीत असायचं कारण नाही, पण अशा शहरातल्या सामोअन पोराने मोठं होऊन दुसऱ्या देशाच्या सरकारी चॅनलवर अख्ख्या देशाच्या मुलांना गोष्ट सांगावी हे काही साधं नाही.

आणि गोष्ट सांगणं त्यांच्या रक्तात आहे असं म्हणायला मला आवडलं असतं, पण रक्ताबिक्तात काही नसतं, सवय असते. सामोआत फागोगो म्हणून रात्री सांगायच्या गोष्टींचा प्रकार आहे, सांगणारा मधेमधे गातो आणि ऐकणारे "आउए" म्हणून साथ देतात, आपल्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा असतो तसंच, हुंकार थांबला की सांगणाऱ्याने समजायचं पोर झोपलं. शिवाय ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी व्हाइट संडे असतो, मुलं पांढरे कपडे घालून चर्चमधे पाठांतर म्हणतात, नाटुकली करतात, आणि त्या दिवशी जेवायला मुलांना आधी वाढतात, मोठे नंतर. शाळेतल्या एका सामोअन आईने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं आमच्याकडे रोजच असं आहे, तर ती हसून म्हणाली, मग तुमच्याकडे लाडावलेली असणार. हो, आहेतच.

जेज जंगलबद्दल पण लिहायला हवं कारण त्याचं नाव शोधलं की ते पण येतं. हे सेव्हन नेटवर्कचं, २०१५ चं, त्याच्या स्वतःच्या नावाचा शो. पी रेटिंगचा, म्हणजे शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी. तेव्हा ऑस्ट्रेलियात कमर्शियल चॅनल्सना वर्षाला १३० तास असे पी कार्यक्रम दाखवायचं बंधन होतं आणि त्यात जाहिराती चालत नसत. २०२० मधे हा कोटा स्थगित केला आणि २०२१ पासून काढूनच टाकला, त्यामुळे असे शो बनवण्याचं कारणच संपलं. शो वाईट नाही. जे आहे म्हटल्यावर गाणी आहेत, उत्साह आहे. पण मला तो जरा जास्त उत्साह वाटला, रंग जास्त, हलणं जास्त, आणि ती थांबण्याची जादू तिथे कमी. नाव त्याचं असूनही तो तिथे एका शोचा होस्ट वाटतो, प्ले स्कूलमधे घरात आलेला मामा वाटतो. तीन स्टार, फार तर साडेतीन. आजारी पोराला लोळत बघायला ठीक.

त्याची मुलांच्या गाण्यांची रेकॉर्डिंग्ज गाडीत लावायला मस्त आहेत. पट्टी खाली असल्यामुळे कानाला त्रास होत नाही, हे लहान मुलांची गाणी तासन् तास ऐकावी लागणाऱ्या प्रत्येक आईबापाला कळेल. चिरक्या आवाजात गाणाऱ्यांना मोटरवेवर बंदी घालायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण एकच, हात वर करा, पाय आपटा टाइप गाणी सीटबेल्टमधे अडकलेल्या मुलाला लावली की पुढच्या सीटच्या पाठीवर लाथा बसतात, आणि पुढच्या सीटवर आपण असतो. नाचाची गाणी घरी, झोपेची गाडीत, एवढं पाळलं की प्रश्न नाही.

घरातल्या मोठ्यांसाठी एक बातमी, जून २०२४ मधे डिस्नेने मोआना या आपल्या कार्टून सिनेमाच्या खऱ्या माणसांच्या आवृत्तीत मोआना म्हणून जिला निवडलं ती कॅथरिन लांगाआइया ही जेचीच मुलगी. तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिने त्यावेळी सांगितलं होतं की आजोबा सवाई बेटावरच्या पालाउलीचे आणि आजी उपोलू बेटावरची. आमच्याकडे हे कळल्यावर पोरगी गोंधळली, तिच्या मते मोआनाचे बाबा वेगळे आहेत आणि जे कोणाचेच बाबा नाहीत, ते फक्त जे आहेत. समजावणं सोडून दिलं.

आता तो अर्धा स्टार. एक, प्ले स्कूल पाच-साडेपाचच्या पुढे चालत नाही. मोठ्याला, म्हणजे आमच्या सात वर्षांच्याला, ते बेबी वाटतं आणि तो मुद्दाम मधे उभा राहून उत्तरं फोडतो, मग भांडण. दोन, प्रेझेंटर बदलत राहतात, ती त्या कार्यक्रमाची पद्धतच आहे, त्यामुळे ज्यांचं मूल एकाच चेहऱ्याला चिकटलंय त्यांनी तयारी ठेवा. बाकीचे पण छान आहेत, लूक कॅरल आहे, जस्टिन क्लार्क आहे, पण जे हवा असताना दुसरं कोणी आलं की दोन मिनिटं तोंड फुगतं. मग जेमायमा दिसली की निवळतं.

लावायच्या आधी एक काम करा, एक खोका भरून ठेवा, त्यात पुठ्ठ्याच्या नळ्या, धुतलेले दह्याचे डबे, लोकर, कागदी टेप, बोथट कात्री. कारण तो जे काही बनवतो ते भाग संपल्या संपल्या बनवायचं असतं, दुपारी नाही, उद्या नाही, आत्ता. आणि टेप कागदीच घ्या, पारदर्शक चिकटपट्टीचं टोक सापडेपर्यंत चार वर्षांच्या माणसाचा धीर टिकत नाही. रॉकेट करायचं असेल तर नळीला खाली चिरा देऊन पंख खोचायचे, चिकटवायचे नाहीत, चिकटवलेले लगेच पडतात. जे पण खोचतोच.